गोळीचाही नमुना धुऊन पाहावा

या पानावर सुताचे भाव, भिवंडीच्या मागांची हालहवाल, जीएसटीचे कागद आणि उधारीची रड असे विषय येतात. आज मी दवाखान्याचा विषय घेतला आहे. व्यापाराच्या पानावर हृदयविकाराचे काय काम, असे काही वाचक बंधू म्हणतील. परंतु माझ्या पाहण्यात आपला व्यापारी सर्वांत जास्त पैसा डोळे मिटून कोठे खर्च करीत असेल तर तो औषधावर आणि ऑपरेशनवर. जो गृहस्थ अस्तराच्या कापडासाठी तीन दुकाने फिरतो, मीटरमागे आठ आण्यांसाठी दलालाशी वाद घालतो, तोच गृहस्थ लाख-दोन लाखांच्या कागदावर उभ्या उभ्या सही करतो. आणि वयही फार झालेले नसते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासातून दक्षिण आशियाचा वेगळा हिशेब २००७ साली मांडला गेला. त्यात हृदयाचा पहिला झटका येण्याचे मधले वय आपल्या भागात ५३ निघाले, बाकीच्या देशांत ते ५९ च्या घरात होते. ५३ म्हणजे दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती द्याव्यात की नाही याचा विचार नुकता सुरू झालेला असतो ते वय.

आता कपड्याचेच उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. मंगळदास मार्केटमध्ये रंगीत माल घेताना जाणता व्यापारी काय करतो? ताक्याचा कोपरा कापतो. अर्धा तुकडा धुतो, अर्धा तसाच ठेवतो. मग दोन्ही शेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहतो. नुसता धुतलेला तुकडा पाहून रंग गेला की राहिला हे कळत नाही, न धुतलेला शेजारी लागतोच. आणि धुण्याचे काम विकणाऱ्याच्या हाती कोणी देत नाही, कारण त्याचा जीव मालात अडकलेला असतो.

औषधाची चाचणी, ज्याला डॉक्टर लोक क्लिनिकल ट्रायल म्हणतात, ती हीच गोष्ट आहे. रुग्णांचे दोन गट करतात. कोण कोठल्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मर्जीवर नसते, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला जुने औषध किंवा हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पुष्कळदा देणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसते की डबीत काय आहे. यात फसवणूक नाही. माणसाच्या मनाचा स्वभावच असा आहे की औषध मिळाले एवढ्या समाधानानेही छातीवरचा भार हलका वाटतो. रक्तदाब तर डॉक्टरने दोन गोड शब्द बोलले तरी खाली येतो. म्हणून न धुतलेला तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब पक्का होत नाही.

या कामात आपली मुंबई फार पूर्वी पुढे होती, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक आहे. ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात हकीम आहे, कारखानदार आहे, डॉक्टर आहे आणि परदेशी व्यापारीही आहे.

सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आहे. युनानी दवाखान्यात त्याच्या मुळाला असरोल म्हणतात. डोके फिरलेल्या माणसाला शांत करण्यासाठी हे मूळ बिहार-बंगालकडे पिढ्यान्‌पिढ्या देत आले. दिल्लीचे हकीम अजमल खान साहेब, जे जामिया मिलियाचे पहिले कुलपती होते, त्यांची इच्छा होती की युनानी औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी. त्यांनी या कामासाठी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला तिब्बिया कॉलेजात आणले. सिद्दीकी जर्मनीत फ्रँकफर्टला शिकून आलेले. १९२७ साली हकीम साहेबांचा इंतकाल झाला, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून काही सत्त्वे वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला आपल्या वडीलधाऱ्याची आठवण म्हणून 'अजमलीन' नाव दिले. हृदयाचे ठोके बिघडण्याचा ब्रुगाडा नावाचा एक आजार आहे, तो ओळखण्यासाठी युरोपातले हृदयतज्ज्ञ हे अजमलीन आजही वापरतात. दिल्लीच्या एका हकिमाचे नाव रोज त्यांच्या तोंडी येते, त्यांना कदाचित ते कोणाचे आहे हे माहीतही नसेल.

त्याच १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी छापून सांगितले की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही चालते. इकडे डेहराडूनला मुहम्मद मनाल नावाच्या तरुणाने १९३० मध्ये 'हिमालया' ही औषध कंपनी काढली होती. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना हे मूळ चारून शांत करतात हे त्यांनी पाहिले, आणि गोळ्या पाडण्याचे हातयंत्र घेण्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवले, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. १९३४ मध्ये त्यांची 'सर्पिना' ही गोळी बाजारात आली. म्हणजे माल तयार होता, गिऱ्हाईक होते, हिंदुस्थानातले पुष्कळ डॉक्टर ती गोळी लिहूनही देत होते. परंतु बाहेरच्या जगाने तिकडे ढुंकून पाहिले नाही.

पाहिले ते १९४९ साली, आणि ते परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलमुळे. तेथे डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे पारशी हृदयतज्ज्ञ होते. वय तेव्हा अडतीस. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब आधी किती, नंतर किती हे मोजून टिपले आणि ते आकडे 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या लंडनच्या मासिकात छापले. आजच्या मापाने ती चाचणी लहानच म्हणायची. पण 'अमक्याला गुण आला' ही भाषा सोडून 'इतक्या जणांचा इतका उतरला' ही भाषा तिच्यात होती. अठरा वर्षे जे सांगून पटले नाही ते मोजून दाखविल्यावर पटले. अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हिंदुस्थानातली ही माहिती वाचून आपल्या रुग्णांवर गोळी वापरून पाहिली. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये सरकारने पद्मभूषण दिले. १९७४ साली ते वारले. आज आपल्या उपनगरातून रोज हजारो माणसे लोकल पकडून परळला के.ई.एम.ला जातात, त्यांच्यापैकी कितींना हे नाव माहीत असेल?

पुढची गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सिबा कंपनीने त्याच मुळातून 'रिसर्पिन' हे नेमके सत्त्व काढले आणि 'सर्पासिल' नावाने विकायला सुरुवात केली. मुळांना एकदम भाव आला. जंगलातून उपसा इतका वाढला की भारत सरकारला मुळांच्या निर्यातीला अटकाव करावा लागला. कंपन्या गप्प बसल्या नाहीत, त्यांनी आफ्रिकेत सर्पगंधेचे भाऊबंद झुडूप शोधले आणि तेथून माल उचलला. विदर्भाच्या कपाशीची गाठ जायची आणि मँचेस्टरहून थान यायचे, ती कहाणी आपण कापडवाले जाणतोच. येथेही तसेच झाले. आपल्या घरातल्या कित्येक थोरांनी रक्तदाबासाठी 'अडेल्फेन' घेतलेली असेल. त्या गोळीतही हेच रिसर्पिन होते. सिबाने पुढे आमच्या गोरेगावात मोठे संशोधन केंद्र उभारले, १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ते केंद्र नंतर बंद पडले.

पण 'आपला माल लुटला' एवढे म्हणून बसणाऱ्यांपैकी मी नाही. मूळ आपले होते, हकीम आपले होते, सिद्दीकींसारखा रसायनशास्त्रज्ञ होता, मनाल यांच्यासारखा हिंमतीचा कारखानदार होता. कमी पडली ती मोठी तपासणी करण्याची रक्कम आणि सवय. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांनी डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या देखरेखीखाली रक्तदाबाची जी चाचणी केली ती पाहा. १४३ पुरुष, सगळ्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९. सुमारे निम्म्यांना रिसर्पिनसह तीन औषधे, बाकीच्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल आला तो असा : बिनऔषधाच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट आले, औषधाच्या गटात दोघांवर. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, ही आज लहान मुलाला माहीत असलेली गोष्ट तोपर्यंत सिद्ध नव्हती. पुष्कळ डॉक्टर तर म्हणत की रक्तदाब वाढतो तो शरीराच्या गरजेनेच, त्याला हात लावू नये. आपल्या असरोलच्या मुळाने जगाचा तो वाद मिटविण्यात वाटा उचलला, पण वहीखाते दुसऱ्याच्या हाती होते.

या गोळीने काही लोकांना मनाची उदासी येते हेही मोजूनच कळले. ज्याने गुण दाखविला त्याच मापाने दोषही दाखविला. पुढे दुसरी चांगली औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. बाजारात जुना नमुना जातो, नवा येतो, त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

मुलुंडचीही अशीच एक छोटी गोष्ट आहे. तेथे हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. १९७० च्या दशकात तेथल्या शास्त्रज्ञांनी देशी वनस्पती तपासता तपासता एका झुडपाच्या मुळातून 'फोर्सकोलिन' हे हृदयावर चालणारे द्रव्य शोधले. हे मूळ म्हणजे गुजराती बांधव ज्याचे लोणचे घालतात ती गरमर. घाटकोपर-मुलुंडच्या किराणा दुकानातल्या बरणीतली चीज! अशक्त झालेल्या हृदयासाठी त्यापासून केलेले औषध शेवटी वापरात आले ते जपानात.

आता कोणी म्हणेल, एवढी तपासणी कशाला, डॉक्टर हुशार असतो, त्याला अनुभव असतो. अनुभवावर एतबार ठेवावाच. पण एक दाखला देतो. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर काही रुग्णांचे ठोके चुकतात आणि असे रुग्ण अचानक दगावतात. मग ठोके सरळ करणारी औषधे द्या, हा विचार कोणालाही पटेल. अमेरिकेतले चांगले चांगले डॉक्टर ती देत होते. ठोके खरोखर सरळ होत होते, कागदावर रेघ सुंदर दिसत होती. शेवटी चाचणी झाली, सुमारे १५०० रुग्णांची, 'कास्ट' नावाची. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, बिनऔषधाच्या ७४३ जणांपैकी २६. रेघ सुधारली होती, माणूस गेला होता. १९८९ मध्ये या औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. चाचणी झाली नसती तर किती घरे उजाडली असती आणि प्रत्येक घर म्हणाले असते की डॉक्टरांनी तर फार प्रयत्न केले.

आपल्या बाजाराशी जास्त जवळचा दाखला स्टेंटचा आहे. आमच्या गल्लीतल्या एका रेडिमेड कपड्यांच्या व्यापाऱ्याला जिना चढताना धाप लागायची. तपासणीत नाडीत अडथळा निघाला, आणि टेबलावरच सांगण्यात आले की आत्ताच स्प्रिंग टाकू, नाहीतर आमची जबाबदारी नाही. घरच्यांनी दुकानाचा माल तारण ठेवून पैसे आणले. इस्पितळाचे नाव मी लिहीत नाही, ती तऱ्हा एकाच ठिकाणची नाही. झटका चालू असताना नाडी उघडणे हे प्राण वाचविणारे काम आहे, तेथे एक मिनिटही घासाघीस करू नये. पण ज्याचा आजार स्थिर आहे त्याचे काय? यावर २००७ साली 'करेज' ही चाचणी प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये 'इस्केमिया' ही त्याहून मोठी, ३७ देशांतल्या ५१७९ रुग्णांची. तीत भारतातले रुग्णही होते. दोन्हींचा निकाल एकच : स्थिर आजारात नीट औषधे घेणारे आणि त्यावर स्टेंट किंवा बायपास करून घेणारे, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीत वारंवार दुखत होते त्यांना स्टेंटने आराम मिळाला, हेही खरे. डाव्या मुख्य नाडीचा मोठा अडथळा असलेले रुग्ण 'इस्केमिया'मध्ये घेतले नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा. म्हणजे आमच्या त्या व्यापारी बांधवाला आठ दिवस विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला सवड होती. ही सवड चाचणीने दिलेली आहे, पण ती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

भावाचेही ऐका. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला जो स्टेंट सरासरी १ लाख २१ हजारांच्या छापील किमतीला जात होता तो २९,६०० रुपयांवर आला, साधा ४५ हजारांचा ७,२६० वर. नंतर हे दर थोडेफार बदलत आले आहेत. एका रात्रीत एवढा उतार कापसाच्या बाजारातही कधी पाहिला नाही! मधला नफा किती होता, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

याच्या उलट टोकाला स्वस्त गोळी आहे. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने 'पॉलिकॅप' नावाची एकच कॅप्सूल केली, तिच्यात रक्तदाबाची तीन, चरबीचे एक आणि अॅस्पिरिन असे पाच जिन्नस. २००९ मध्ये भारतातल्या ५० केंद्रांवर २०५३ लोकांत ती तपासली गेली. पुढे २०२० साली मोठ्या चाचणीचा निकाल आला, ५७१३ माणसे, त्यांत निम्म्याच्या आसपास भारतातली. साडेचार वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरी ५.८ जणांना हृदयाचे वा मेंदूचे मोठे संकट आले, अॅस्पिरिनसह एकत्रित गोळीच्या गटात ४.१ जणांना. फार मोठा चमत्कार नाही. पण स्वस्त गोळी, रोज एक, आणि हिशेब पक्का. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांना आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. आमच्या कारागीर बंधूंना चार गोळ्या चार वेळा घेण्याची आठवण राहत नाही, बरे वाटले की डबी माळ्यावर जाते. त्यांच्यासाठी ही बातमी सोन्याच्या भावाची आहे, आणि ती आपल्याच देशातल्या हजारो साध्या माणसांनी चाचणीत भाग घेतल्यामुळे मिळाली आहे.

गरिबाला तपासलेले औषध मिळते की नाही हा तर वेगळाच प्रश्न. २००८ मध्ये 'क्रिएट' या नावाने देशातल्या ५० शहरांतल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. तीस दिवसांत गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५ टक्के. अभ्यास करणाऱ्यांनी उपचारांचा फरक हिशेबातून बाजूला काढला तेव्हा हे अंतरही नाहीसे झाले. म्हणजे गरिबाचे हृदय काही कमजोर नव्हते, त्याला सिद्ध झालेली औषधे कमी मिळाली. मोठा झटका आलेल्यांना इस्पितळात पोचायला मधला वेळ लागला तो पाच तास. जोगेश्वरीच्या किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात कोणाच्या छातीत कळ आली की आधी सोडा पाजतात, मग तेल चोळतात, मग मालकाला फोन करतात. पाच तास असेच जातात.

दुसरीकडे न तपासलेल्या मालाची जाहिरात मात्र जोरात. लोकलच्या डब्यात चिकटविलेले कागद आपण वाचतोच : ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ, गॅरंटीसह. वाचक बंधूंनी माहीत करून घ्यावे की १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याच्या यादीत हृदयरोग आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यांवर रामबाण इलाजाची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. मी युनानीच्या किंवा आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही, वरची सगळी हकीकत त्याच गौरवाची आहे. के.ई.एम.मध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदाच्या वनस्पती आधुनिक पद्धतीने तपासण्याचे काम कित्येक वर्षे केले. हकीम अजमल खान साहेबांनाही हेच हवे होते. जो पुडीवाला तपासणीचे नाव काढताच रागावतो, तो त्यांचा वारस नव्हे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. उद्या एखाद्या मोठ्या इस्पितळात आपल्याला किंवा घरातल्या कोणाला विचारण्यात आले की नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालायचे का, तर काय करावे? आपल्या मोहल्ल्यात दोन तऱ्हा दिसतात. एक जण 'आम्ही काय उंदीर आहोत?' म्हणून उठून जातो. दुसरा फुकट औषध मिळते म्हणून न वाचता अंगठा देतो. दोन्ही मला पसंत नाहीत.

भीती अगदी खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयात सरकारनेच दिलेल्या माहितीप्रमाणे २००५ ते २०१२ च्या मध्यापर्यंत देशातल्या चाचण्यांच्या काळात २६४४ माणसे मरण पावली. त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे मानण्यात आले. बाकीचे आपल्या मूळ आजाराने गेले असे सांगण्यात आले, आणि हृदयाचे व कर्करोगाचे रुग्ण घेतले की काही मृत्यू होणारच. पण कोणता मृत्यू कोणत्या खात्यात टाकायचा हे जर माल विकणाराच ठरविणार असेल तर गिऱ्हाइकाला शंका येणारच. न्यायालयाने कान उपटल्यावर २०१३ पासून नियम कडक झाले आणि १९ मार्च २०१९ रोजी नवे औषध व चाचणी नियम लागू झाले.

त्यांतले कामाचे तेवढे सांगतो. प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीत कमीत कमी सात जण, त्यांत निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक आणि एक तरी स्त्री. चाचणीमुळे इजा झाली तर इलाज फुकट, आणि मृत्यू झाला तर भरपाई. या भरपाईचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे, कारण वयाचा कोठा कामगार नुकसानभरपाई कायद्यातूनच उचललेला आहे. मूळ रक्कम ८ लाख. तिला वयाच्या आकड्याने आणि जोखमीच्या आकड्याने गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. पासष्टीच्या माणसाचा वयाचा आकडा ९९.३७ च आहे, म्हणजे तो कटतो. जोखमीचा आकडा आधीच मरणाच्या दारात असलेल्यासाठी अर्धा, धडधाकट माणसासाठी चार. म्हणून पासष्टीच्या माणसाची भरपाई ४ लाखांपासून ३२ लाखांपर्यंत होते, वय कमी तितकी रक्कम वाढत जाते. संमतीच्या कागदावर व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव लिहिण्याची जागा असते ती याचसाठी. विम्याच्या कागदावर वारस लिहायला आपण विसरत नाही, येथेही ती जागा कोरी सोडू नये.

कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. मराठी किंवा उर्दू प्रत मागावी, इंग्रजी कागदावर सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखविताना एक तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणावी. कधीही नाव काढून घेता येते, त्यामुळे नेहमीचा इलाज बंद करता येत नाही. आणि २००९ च्या जूनपासून प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदणीपुस्तकात, ज्याला सीटीआरआय म्हणतात, होणे बंधनकारक आहे. ते कोणालाही फुकट पाहता येते. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले तर मोबाईलवर पाच मिनिटांत काढून देईल. नोंदीचा क्रमांक नसलेली चाचणी म्हणजे बिलाशिवायचा माल.

प्रश्न विचारायला लाजू नये. दुसऱ्या गटाला काय देणार? चालू गोळ्या बंद होणार का? येण्या-जाण्याचे भाडे कोण देणार? चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळणार का? रमजानमध्ये वेळा कशा सांभाळायच्या? कॅप्सूलचे कवच कशाचे आहे? रक्त पातळ करणारे हेपारिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून तयार होते, हे आपल्या पुष्कळ लोकांना माहीत नाही. जीव वाचविण्याच्या वेळी त्याबद्दल काय करावे हे आलिमांना आधीच विचारून ठेवावे, अपघात विभागाच्या दारात नव्हे. डॉक्टर या प्रश्नांनी चिडला तर समजावे की दुकान बदलण्याची वेळ आहे.

आमच्या अंधेरीच्या कपडा व्यापाऱ्यांच्या मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या मंडळांनीही तिचा विचार करावा. महिन्यातून एका रविवारी, दुकाने उघडण्यापूर्वी, एखाद्या जाणकार डॉक्टरला बोलवावे आणि त्याच्याकडून एका संमतीपत्राचा नमुना ओळ ओळ वाचून घ्यावा. गुमास्ते आणि कारागीर यांनाही बसवावे, कारण सही करण्याची वेळ त्यांच्यावर जास्त येते. त्याच वेळी सर्वांचा रक्तदाब मोजून घ्यावा. यंत्र मंडळाच्या खर्चाने घेतले तरी एका ताक्याच्या किमतीत येते.